कॉलेजांची चुरस आणि गोव्याचा विद्यार्थी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या कॉलेजजीवनावरचा रविवार पुरवणीतला लेख आवडीने वाचला. लेखकाने पुण्या-मुंबईच्या कॉलेजांतली चुरस छान रंगवली आहे. तरी दोन गोष्टी खटकल्या, त्या कळवतो.

डेक्कन आणि फर्ग्युसन ही जणू दोन परकी घराणी, असा लेखाचा सूर आहे. मुळात फर्ग्युसन उभे केले ते डेक्कनमधून बाहेर पडलेल्या पोरांनी. येरवड्याच्या त्या सरकारी कॉलेजात टिळकांनी पहिले वर्ष पुस्तकांपेक्षा तालमीतच जास्त घालवले. आगरकरांकडे सदरा एकच; रात्री धुवायचा, वाळत घालायचा आणि सकाळी तोच अंगात चढवून वर्गात जायचे. अशा मुलांनी सरकारी नोकरीकडे पाठ फिरवून शाळा चालवली आणि १८८५ मध्ये कॉलेज काढले. पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे, संस्कृत कोशामुळे आजही आपल्याला माहीत असलेले. येरवड्याला साहेब प्राचार्य आणि सरकारी तिजोरी, तर इकडे देशी पदवीधर आणि बेताचा पगार. चुरस व्हायचीच.

पण खरे वैर पेटले ते फर्ग्युसनवाल्यांच्या घरातच. १८९० मध्ये टिळक फर्ग्युसन चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले, १८९२ मध्ये आगरकर प्राचार्य झाले आणि तीनच वर्षांत वारलेही. ते हयात असताना पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली गेली होती. ही काही संध्याकाळी मैदानावर मिटणारी भांडणे नव्हेत.

दुसरी गोष्ट आपल्या घरची. गोव्याची बोळवण लेखाने एका ओळीत केली आहे: इथे कॉलेज नव्हते, म्हणून चुरसही नव्हती. अहो, पणजीत १८४२ पासून एस्कोला मेडिका, म्हणजे डॉक्टरीची शाळा होती आणि १८५४ पासून लिसेव, म्हणजे पोर्तुगेज माध्यमिक शाळा. एस्कोला मेडिकाचे डॉक्टर पोर्तुगेजांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींत जात. मात्र खुद्द पोर्तुगालात डॉक्टरी करायची तर त्यांना तिथे पुन्हा शिकावे लागे. उलट मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्याच तुकडीत आपल्या मांद्र्याचे भाऊ दाजी होते. म्हणजे चुरस होती, फक्त ती दोन कॉलेजांत नसून घरोघरी चालायची. मुलाला लिसेवात घालून पोर्तुगेज शिकवायचे, की बेळगाव-मुंबईला पाठवून इंग्रजी मॅट्रिक करायचे? मुरगावची रेल्वे येईपर्यंत दुसऱ्या वाटेने जाणाऱ्याला घाट तरी चढावा लागे, नाहीतर बोट तरी गाठावी लागे. गावच्या पंतोजीकडे मराठी शिकून थांबलेल्या मुलाला तर दोन्ही दारे बंद.

असाच एक मुलगा सांखवाळचा धर्मानंद कोसंबी. जन्म १८७६ चा. बापाच्या कुळागराची, म्हणजे बागायतीची राखण करता करता मिळेल ते मराठी वाचायचे, एवढेच त्याचे शिक्षण. १८९९ च्या अखेरीस संस्कृत शिकायच्या ओढीने त्याने घर सोडले आणि पुणे गाठले. तिथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली. पुढे काशी, नेपाळ, सिंहलद्वीप अशी वणवण झाली. आणि विद्यार्थी म्हणून ज्याने कधी कॉलेज पाहिले नाही, तोच १९१२ मध्ये पालीचा प्राध्यापक म्हणून फर्ग्युसनमध्ये शिकवू लागला. पुरवणीतल्या लेखात त्यांचे नाव नसावे, याचे मला नवल वाटते आणि थोडा रागही येतो.

पुण्यातल्या कॉलेजांचा इतिहास त्यांच्या माजी विद्यार्थ्यांनी लिहून ठेवला. आपल्याकडचा अजून माडीवरच्या पेट्यांत आहे: लिसेवचे दाखले, बेळगावला खोली घेऊन राहिलेल्या मुलाने पैशासाठी बापाला धाडलेली मोडीतली पत्रे. मोडी आणि पोर्तुगेज दोन्ही वाचणारी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. तेव्हा वाचकांकडून अशा कागदांच्या छायाप्रती आपण मागवाव्यात, निवडक छापाव्यात आणि मूळ कागद घरात सांभाळणे ज्यांना जमत नाही, त्यांना पणजीतल्या पाटो येथील कृष्णदास शामा ग्रंथालयाची वाट दाखवावी. सुरुवातीला बेळगावला शिकलेल्यांचीच पत्रे मागवलीत तरी चालेल. ती आमच्या अंत्रुज महालात, म्हणजे फोंडा भागात, बऱ्याच घरांत निघतील.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, फोंडा