ग्रंथपाल मॅडमना उघड पत्र : आभाराच्या ई-मेलांच्या फाईलबद्दल

आदरणीय मॅडम,

स. न. वि. वि.

गेल्या नोव्हेंबरात माझ्या पासपोर्टवर अमेरिकेचा ओ-वन व्हिसा लागला. ज्या अर्जामुळे तो मिळाला त्याला जोडलेले निम्म्याहून अधिक पुरावे तुमच्या हाताखालून गेलेले होते. अर्जावर मात्र तुमचे नाव कोठेही नाही. अर्जदार म्हणून माझ्या संशोधन संस्थेचे नाव आहे, लाभार्थी म्हणून माझे आहे आणि शेवटी वकिलांची सही आहे. तुमच्यासाठी त्या छापील नमुन्यात रकानाच नव्हता. फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "तिकडे थंडी किती आहे?" असे विचारून विषय बदलता. पत्राला असे मध्येच अडवता येत नाही, म्हणून हा मार्ग.

माझी अडचण काय होती हे तुम्हाला ठाऊक आहे, पण इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मी २०२१ मध्ये आपल्या सरकारच्या शिष्यवृत्तीवर, जे-वन व्हिसा घेऊन, क्षयरोगाच्या संशोधनासाठी अमेरिकेत आले. रुग्णांवर उपचार करण्याचे काम माझ्याकडे नव्हते आणि नाही. माझे काम प्रयोगशाळेतले. या व्हिसावर संशोधकाला जास्तीत जास्त ५ वर्षे राहता येते, आणि सरकारी पैशातून आलेल्या व्यक्तीला पुढे २ वर्षे मायदेशी राहिल्याशिवाय एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. ती अट माफ करून घेण्याची वेगळी प्रक्रिया आहे, परंतु तिला लागणारा वेळ माझ्या हातात उरला नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये ज्या देशांतल्या ठरावीक कौशल्यांच्या लोकांनाही हीच अट लागते त्या यादीतून भारताचे नाव वगळले गेले आणि माझे अनेक सहकारी एका दिवसात मोकळे झाले. माझी अट शिष्यवृत्तीमुळे लागलेली असल्याने मी होते तिथेच राहिले. प्रकल्प अर्ध्यावर आलेला, आणि संस्थेला मी हवी होते. अशा वेळी जो एक दरवाजा उघडा राहतो तो ओ-वनचा. त्यालाही एक मेख आहे : ही अट असलेल्या माणसाला अमेरिकेत बसून जे-वनवरून ओ-वनवर जाता येत नाही, बाहेर जाऊन दूतावासातून व्हिसा घेऊनच परत यावे लागते.

या व्हिसासाठी माणूस स्वतः अर्ज करू शकत नाही. नोकरी देणाऱ्या संस्थेने तो करायचा, आणि सिद्ध करायचे ते असे की ही व्यक्ती 'असामान्य क्षमतेची' आहे, म्हणजे आपल्या क्षेत्रात अगदी वर पोचलेल्या मोजक्या लोकांपैकी एक आहे. नोबेलच्या तोडीचे पारितोषिक असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर ८ निकषांपैकी किमान ३ पुराव्यानिशी पूर्ण करावे लागतात आणि त्यानंतरही एकूण चित्र पाहिले जाते. वकिलांनी ती यादी पाठवली तेव्हा, आपली पाठ आपणच थोपटायची आणि तीही कागदोपत्री, या कल्पनेनेच मला संकोच वाटला. त्यांनी पहिल्याच बैठकीत दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. माझ्याकडची तिन्ही शिफारसपत्रे माझ्याच मार्गदर्शकांची आणि सहलेखकांची होती, त्यामुळे त्यांना वजन कमी. आणि 'संशोधनाचा मोठा प्रभाव' असे नुसते लिहून भागत नाही. तो कोणाच्या कामावर पडला ते दाखवावे लागते.

त्या रात्री मी तुम्हाला फोन केला तो खरे तर रडगाणे गाण्यासाठी. तुम्ही मात्र एकच विचारले : "फाईल कुठे आहे?"

एम.डी. करत असताना मी पहिल्यांदा एका नियतकालिकासाठी शोधनिबंध तपासून दिला, तेव्हा संपादकांचा आभाराचा ई-मेल मी तुम्हाला कौतुकाने दाखवला होता. तुम्ही तो छापायला लावलात, ग्रंथालयातल्या पंचने स्वतः दोन भोके पाडलीत आणि एका जुन्या बॉक्स फाईलमध्ये टॅग ओवून तो लावलात. पाठीवर निळ्या पेन्सिलीने लिहिलेत, 'परीक्षण'. पुढे प्रत्येक वेळी विचारत राहिलात, "लावला का?" मी कंटाळून लावत गेले, आणि अमेरिकेत येताना ती फाईल वजनामुळे आईकडे ठेवून आले. इतरांच्या कामाचे परीक्षण करणे हा ८ निकषांपैकी एक आहे हे मला वकिलांकडून कळले, आणि त्याला नुसते निमंत्रण पुरत नाही, परीक्षण प्रत्यक्ष केल्याचा पुरावा लागतो हेही. जुन्या महाविद्यालयीन ई-मेलचे खाते केव्हाच बंद झाले होते. म्हणजे ती छापील पाने हाच उरलेला पुरावा. निवृत्तीनंतरच्या दुपारी तुम्ही रिक्षाने आमच्या घरी गेलात, फाईल घेतलीत, आणि चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात बसून एकेक पान सरळ स्कॅन होते की नाही ते पाहिलेत. एका पानाचा कोपरा दुमडून तारीख कापली गेली होती. ते पान तुम्ही पुन्हा स्कॅन करायला लावलेत.

दुसरे काम याहून मोठे होते. उन्हाळ्यात खेड्यांतून येणारे थुंकीचे नमुने तपासणीला पोचेपर्यंत खराब होऊ नयेत यासाठी मी एक पद्धत सुचवली होती, आणि त्या निबंधाचा उल्लेख बऱ्याच ठिकाणी झाला होता. मी आकडा सांगितला. तुम्ही तो मान्य केला नाहीत. आधी माझे स्वतःचे आणि सहलेखकांचे निबंध वजा केलेत. मग उरलेले एकेक उघडून, प्रस्तावनेत जाता जाता नाव घेणारे एका बाजूला आणि 'पद्धती' या भागात माझी कृती प्रत्यक्ष वापरणारे दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी केलीत. पहिला गठ्ठा भलताच जाड निघाला आणि माझा चेहरा पडला. दुसरा पातळ होता, पण त्यातच दुसऱ्या राज्यातल्या एका जिल्हा प्रयोगशाळेचा निबंध तुम्हाला सापडला. तिथे माझी पद्धत रोजच्या कामात वापरली जात होती. त्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना मी आजही भेटलेले नाही. त्यांनी दीड पानाचे पत्र दिले : कधीपासून वापरतो, काय बदल केला, काय फरक पडला. विशेषणे जवळजवळ नाहीत. वकिलांनी तेच पत्र सगळ्यात वर लावले.

आणि ते कात्रण. आमच्या जिल्हा पुरवणीत आलेल्या बातमीचा मथळा होता 'शेतकऱ्याच्या लेकीने शोधले टीबीवर औषध'. आई-बाबांनी ते लॅमिनेट करून ठेवले आहे. प्रसारमाध्यमांत आपल्याविषयी आलेले लेखन हाही एक निकष असल्याने मी उत्साहाने ते भाषांतरासाठी तुमच्याकडे पाठवले. परभाषेतल्या प्रत्येक कागदासोबत पूर्ण इंग्रजी भाषांतर द्यावे लागते, आणि ते पूर्ण व अचूक असल्याचे भाषांतरकाराने लिहून सही करावी लागते. तुमचे उत्तर मी जपून ठेवले आहे : "औषध तू शोधलेले नाहीस. खरे भाषांतर केले तर खोटे विधान तुझ्या अर्जात जाईल, आणि मथळा गाळला तर माझी सही खोटी पडेल. कात्रण घरी राहू दे." मला राग आला होता, हे आज कबूल करते. निकष एक कमी झाला. पण परीक्षण, शोधनिबंध आणि मूळ योगदान हे तीन भक्कम उभे राहिले, आणि तेवढ्यावर काम झाले.

ऑगस्ट २०२५ मध्ये संस्थेने ओ-वनसाठीचा आय-१२९ अर्ज दाखल केला. सोबत जलद निर्णयासाठी २,८०५ डॉलरचे वेगळे शुल्क भरले. त्यात १५ कामकाजी दिवसांत उत्तर मिळते. मंजुरी आली. लगेच पुढच्याच महिन्यात, २१ सप्टेंबरपासून, नव्या एच-वन-बी अर्जांवर १ लाख डॉलर शुल्क लागू झाले, आणि ओ-वन म्हणजे खेळाडू-कलाकारांचा व्हिसा अशी माझी थट्टा करणारे सहकारी आता दुपारी डबा खाताना मला निकष विचारतात. मी त्यांना आधी फाईलबद्दल विचारते. अर्थात या व्हिसाने सगळे सुटले असे नाही. तो ३ वर्षांचा आहे, याच संस्थेशी बांधलेला आहे, यावर माझ्या नवऱ्याला इथे नोकरी करता येणार नाही, आणि २ वर्षांची ती अट पुसली गेलेली नाही, फक्त पुढे गेली आहे. हे सारे आम्ही दोघांनी बसून, समजून घेऊन स्वीकारले आहे.

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात मी पुराव्यांचा अख्खा गठ्ठा काखेत घेऊन गेले होते. खिडकीतल्या अधिकाऱ्यांनी त्यातले एकही पान मागितले नाही. काय संशोधन करता, कोठे करता, एवढे विचारले आणि पासपोर्ट ठेवून घेतला. त्याच रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने मी मिरजेला आले, आणि सकाळी तुमच्या दारात उभी राहिले तेव्हा तुम्ही पहिल्यांदा तो गठ्ठा मागून घेतलात, चष्मा पुसलात, आणि चहा निवेपर्यंत अनुक्रमणिका आणि पृष्ठक्रमांक जुळवून पाहत बसलात. दूतावासात कोणी वाचला नाही तो अर्ज शेवटी तुमच्या ओसरीवर वाचला गेला, याचे मला फार बरे वाटले. एका ठिकाणी पृष्ठक्रमांक चुकलेला तुम्हाला सापडला. तो वकिलांना कळवला आहे.

मॅडम, तुमचे मनःपूर्वक आभार. या महिन्यात दोन शोधनिबंध तपासून दिले. दोन्ही ई-मेल छापून नव्या फाईलला लावले आहेत, पाठीवर निळ्या पेन्सिलीने 'परीक्षण' लिहिले आहे. भोके मात्र माझ्याकडून अजून तिरकीच पडतात.

आपली नम्र,
सूक्ष्मजीवशास्त्र विभागाची एक जुनी विद्यार्थिनी