दादा, त्या ‘काहून’साठी आभार

प्रिय दादा,

तोंडावर आभार मानले असते तर तुम्ही ‘जाऊ दे ना बे’ म्हणून उडवून लावले असते. म्हणून हे जाहीर पत्र.

आपल्या मराठी शब्दशोधाच्या प्रकल्पात मी पहिला बदल पाठवला, तेव्हा कमिट मेसेज, म्हणजे कोडमधल्या नोंदवलेल्या बदलासोबतची (कमिटसोबतची) टीप, एकाच शब्दाचा होता: ‘फिक्स’. ‘दुसऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या संगणकी पद्धतीत, दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकीत खाली टिंब असलेला ऱ, तर दुसरीत साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही जुळे भाऊ, पण शोधताना एकाला दुसरा सापडत नाही. मी दोन्ही एका रूपात आणले. डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या कोडच्या तुलनेत, मात्र जुनी लाल ओळ आणि नवी हिरवी ओळ हुबेहूब सारखी! पुढे कुणीतरी ते बिनकामाचं समजून काढून टाकलं आणि शोध पुन्हा बिघडला. त्याचं तरी काय चुकलं?

गिट हे बदलांची नोंद ठेवणारं साधन. तुम्ही त्यातलं बायसेक्ट (कोणत्या बदलानं बिघडलं ते शोधणारी आज्ञा) लावून तिथवर पोचलात, मग जुना लॉग, म्हणजे बदलांची यादी, चाळत माझ्या ‘फिक्स’वर आलात. आता आपली वरात निघणार, असं मला वाटलं. तुम्ही सीताबर्डीला तर्री पोह्यांवर बोलावलंत. म्हणालात, “काय केलं ते कोड सांगते. काहून केलं, ते कोण सांगन?” मी बोलत गेलो, तुम्ही लॅपटॉपवर लिहीत गेलात. तर्री पार थंड झाली. “हाच मेसेज,” तुम्ही म्हणालात.

जुना कमिट सगळ्यांकडे पोचला होता. तो बदलला असता तर त्याचा हॅश, म्हणजे ओळख-क्रमांक, बदलून सगळ्यांची पंचाईत झाली असती, म्हणून नवा केला. पहिली ओळ साधारण 50 अक्षरांची, आज्ञार्थी. गिट स्वतःही ‘मर्ज’, ‘रिव्हर्ट’ असंच लिहितं. मग एक कोरी ओळ. ती शोभेची असावी असा माझा समज होता! ती नसली तर गिट पुढचा मजकूरही शीर्षकातच ओढतं. 72 अक्षरांवर ओळ तोडण्याचा मला अजून कंटाळा येतो. ते काम एडिटर करतो. त्याखाली दोन्ही रूपांचे युनिकोड क्रमांक आणि कारण.

परवा एक जण कोडमधली ती दुरुस्तीची ओळ पुन्हा काढायला निघाला होता. त्यानं ब्लेम (कुठली ओळ कोणत्या कमिटमधून आली ते दाखवणारी गिटची आज्ञा) पाहिलं, मेसेज वाचला आणि बदल न पाठवताच थांबला. हे त्यानंच मला कळवलं. तुम्हालाही कळावं, म्हणून लिहिलं.

तुमचा,
‘फिक्स’वाला