गिझर वापरणाऱ्यांसाठी सूचना

मंडळी, बेळगावात थंडी पडायला लागली आणि बऱ्याच घरात गिझरचं पाणी कोमटच येतंय म्हणून सांगालेत, तर आधी थर्मोस्टॅट 55-60 डिग्रीवर आहे का बघा, असला तर बहुतेक कॉइलवर क्षार बसलेत, बोरच्या पाण्यानं हे होतंच, मेकॅनिककडनं टाकी साफ करून घ्या आणि आतला मॅग्नेशियमचा रॉड झिजलाय काय तेपण बघायला सांगा, तो संपला की टाकी गंजते. सेफ्टी व्हॉल्व्ह थेंब थेंब गळतोय म्हणून बूच मारू नका, जादा प्रेशर तिथनंच बाहेर पडतं.

गॅस गिझरवाल्यांनो, हात जोडून सांगते, खिडकी उघडी ठेवा, बादली भरली की गिझर बंद करूनच अंघोळीला बसा. गॅस जळताना कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू तयार होतो, त्याला वास नसतो, डोकं जड झालं तर लगेच बाहेर या.