बैठकीचा पत्ता छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गांधी जयंतीपासूनच्या व्यसनमुक्ती सप्ताहात दरवर्षी फेऱ्या निघतात, शपथा दिल्या जातात, त्यांचे फोटो आपल्या अंकात येतात. पण ज्याला खरोखरच दारू सोडायची आहे, त्याने आज संध्याकाळी कुठे जायचे, हे त्यातून कळत नाही. दारू सोडू पाहणारी माणसे एकमेकांना आधार देतात त्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या संघटनेच्या, म्हणजे ‘एए’च्या बैठका महाराष्ट्रात कितीतरी शहरांत वर्षानुवर्षे भरत आहेत. शेजारच्या गल्लीलाही त्यांचा पत्ता नसतो.

माझे धाकटे दीर व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आले, तेव्हा तिथल्या समुपदेशकांनी बजावले होते की बैठक चुकवू नका. केंद्रात दारू समोर नसते. घरी आल्यावर तोच नाका, तेच मित्र आणि तोच पगाराचा दिवस. बैठकांची यादी इंटरनेटवर मिळाली, तीही इंग्रजीत. त्यात एका शाळेचे नाव होते. फाटकावर फलक नव्हता. रखवालदार म्हणाला, “संध्याकाळी शाळा बंद असते.” भाऊजी तिथूनच म्हणू लागले, “वहिनी, राहू द्या, परत फिरू.” एक गृहस्थ रस्त्याकडे बघत उभे होते, त्यांनी ओळखले आणि मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीजवळच्या वर्गात नेले. ते नसते तर आम्ही परतलोच असतो, आणि परतीच्या वाटेवर दुकान उघडे होते.

बैठक खुली होती, म्हणून मलाही बसता आले. तिसरी-चौथीच्या मुलांच्या बाकांवर गुडघे आखडून मोठी माणसे बसली होती. रिक्षावाले, बँकेतले साहेब, एक शेतकरी. ज्याला बोलायचे तो नाव सांगून ‘मी मद्यपी’ म्हणतो आणि स्वतःची हकिगत सांगतो. मध्ये कोणी तोंड घालत नाही, उपदेश तर नाहीच. आजच्या दिवसापुरता पहिला घोट घ्यायचा नाही, एवढाच वायदा. शेवटी डबा फिरतो, ज्याला जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो, त्यातून खोलीचे भाडे आणि चहा भागतो. बाहेरची देणगी ते घेत नाहीत. दारू थांबवण्याची इच्छा असली की माणूस सदस्य होतो, दुसरी अट नाही.

1935 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक, दोघेही दारूने पोखरलेले, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून हे सुरू झाले. घरच्यांनी हजारदा सांगून जे शिरत नाही, ते त्याच वाटेने गेलेल्याने सांगितले की शिरते, हे मी आमच्या घरात पाहिले आहे. 2020 मध्ये वैद्यकीय संशोधन पडताळून पाहणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने दहा हजारांहून अधिक लोकांवरचे 27 अभ्यास तपासले. एए आणि सदस्यांनी टप्प्याटप्प्याने चढायच्या तिच्या ‘बारा पायऱ्यां’शी जोडणारे उपचार दारूपासून पूर्ण दूर राहण्यासाठी इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरू शकतात, असे त्यांना आढळले.

एक इशारा मात्र छापाच. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर हात थरथरणे, भास होणे, फिट येणे इथपर्यंत जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो. अशाने आधी डॉक्टर गाठावा. बैठक म्हणजे दवाखाना नव्हे.

अनामिकता पाळतात म्हणून ही मंडळी पत्ताही देणार नाहीत, असा समज आहे. झाकायची ती सदस्यांची नावे. जागा, वार आणि वेळ छापायला त्यांच्या परंपरेची आडकाठी नाही. आपल्या ‘शहरात आज’ या सदरात कीर्तन, प्रदर्शन, रक्तदान शिबिर सगळे येते. त्यातच एक ओळ द्या: बैठक कुठे, किती वाजता, खुली की फक्त सदस्यांसाठी, मराठीत की हिंदीत. शाळेला सुट्टी लागली की जागा बदलते, तेही कळवा. खाली 14446 हा व्यसनमुक्तीसाठीचा सरकारी निःशुल्क क्रमांक असू द्या. घरच्या माणसांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या बैठका वेगळ्या भरतात, त्यांचीही ओळ हवी. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालवला तो उगाच नाही. पिणारा एक असतो, झोप सगळ्या घराची उडते.

तालुक्याच्या ठिकाणी अडचण निराळी. बैठक सात वाजता सुरू होते आणि खेड्याकडची शेवटची एसटी त्याआधीच सुटते. माझे मत असे की, आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी एक बैठक व्हावी. माणसे त्या दिवशी गावात येतातच, आणि हातातला पैसा नेमका त्याच दिवशी गुत्त्यात जातो. मुख्याध्यापकांनी आणि ग्रामपंचायतींनी त्यासाठी एक खोली द्यावी. ‘दारुडे गोळा होतील’ या भीतीने खोली नाकारल्याचे मी ऐकले आहे. तिथे येतात ती न पिता आलेली माणसे असतात, आणि जाताना बाकडी सरळ लावून, झाडून जातात.

आमच्या तालुक्यातल्या बैठकांचे वार आणि वेळा, तिथल्या सदस्यांना विचारून, सोबतच्या कागदावर लिहून पाठवत आहे. आपल्या वार्ताहरांनी पडताळून येत्या सोमवारपासून छापाव्यात, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, जि. सातारा
(नाव छापू नये)