जिभाऊंचा मेसेज आणि माझी पक्की नोकरी

योकोहामा,
जुलै

ती. नाना आणि ती. आई यांना सा. नमस्कार,

हा मेल बंटीला पाठवतेय, त्याला म्हणा स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आण, कारण लांबलचक झालंय आणि नानांना मोबाईलवर वाचवत नाही. आजीला आईने वाचून दाखव. जिभाऊ आले तर त्यांनाही द्या, पण आधी चहा पाजा मग द्या.

तर जिभाऊंनी फॅमिली ग्रुपवर टाकलेला मेसेज. जपानच्या एका शास्त्रज्ञाने म्हणे सिद्ध केलं की एकादशीचा उपास केला की शरीर कॅन्सरच्या पेशी खाऊन टाकतं, आणि त्याबद्दल त्याला नोबेल मिळालं, म्हणजे आपल्या पूर्वजांना हे सगळं आधीच माहीत होतं, वगैरे, खाली हात जोडलेले आणि झेंडे. हा मेसेज मला गावातून, जळगावच्या मैत्रिणींकडून, पुण्यातून, सगळीकडून आलाय, आणि मी जपानमध्ये म्हणजे तो माणूस मला रोज भाजी घेताना भेटत असणार अशी सगळ्यांची समजूत. ग्रुपवर मी गप्प बसले. जिभाऊंना चारचौघांत खोटं पाडणं मला जमत नाही, मला बारावीला सायन्सला घाला म्हणून नानांशी भांडणारे तेच होते. पण परवा आई फोनवर म्हटली की आजी आता आषाढीपासून चातुर्मासातली प्रत्येक एकादशी निर्जळ धरणार आणि त्या दिवशी शुगरची गोळीपण घेणार नाही, कारण 'तो जपानवाला सांगस', तेव्हा मात्र म्हटलं आता लिहिलंच पाहिजे.

मेसेजमधल्या त्या जपानी शास्त्रज्ञाचं नाव योशिनोरी ओसुमी. मी त्यांच्या लॅबमध्ये नाही हे आधीच सांगते, पण ज्या विषयात मी रात्री घालवते तो विषय त्यांनी उभा केलेला. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांना मेडिसिनचं नोबेल मिळालं, एकट्याला, कोणाशी वाटून नाही, आणि तेव्हा ते ७१ वर्षांचे होते. नोबेल उपासाला नव्हतं. माणसावरच्या कामालाही नव्हतं. ते यीस्टवरच्या कामाला होतं, म्हणजे आपल्याकडे बेकरीवाला पावात घालतो तेच यीस्ट. एक पेशी म्हणजे मिलीमीटरचे दोनशे भाग केले तर त्यातला एखादा, आणि त्या एवढ्याशा पेशीच्या पोटातली एक पिशवी ते बघत बसले होते.

त्या पिशवीला व्हॅक्यूओल म्हणतात, शाळेच्या पुस्तकात रिक्तिका लिहिलेलं असायचं. यीस्टमध्ये सगळ्यात मोठी दिसणारी गोष्ट तीच, तरी तिच्याकडे फार कोणी बघायचं नाही, सगळ्यांच्या लेखी तो पेशीचा उकिरडा. आता नाना, उकिरडा म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही, केळीला शेणखत कुठून येतं ते तुम्हालाच माहीत. ओसुमींनी दाखवलं ते जवळपास हेच, की पेशी उपाशी राहिली की ती स्वतःच्याच आतले जुने, मोडके, जास्तीचे भाग पडद्यात गुंडाळते, ते गुंडाळं त्या पिशवीत नेऊन टाकते, तिथे ते कुजवून त्यातून नवीन प्रथिनं बनवायला लागणारा माल परत काढते. याला ऑटोफॅजी म्हणतात. हे नाव काही ओसुमींनी दिलेलं नाही, बेल्जियमचे क्रिस्तियान द ड्यूव म्हणून होते त्यांनी १९६३ मध्ये दिलं, त्यांनाही १९७४ ला नोबेल मिळालं. म्हणजे असं काहीतरी होतं हे माहीत होतं, पण कोणत्या जीनमुळे (जीन म्हणजे पेशीला कामाच्या सूचना देणारा आनुवंशिक भाग) होतं, कसं चालू होतं, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

आता नानांच्या प्रश्नाकडे येते. नाना मागच्या फोनला म्हटले, 'बाई, आते नोकरी पक्की कव्हय व्हई?' मी तेव्हा नेटवर्क गेल्यासारखं केलं. खरं सांगू तर मला पण माहीत नाही. पोस्टडॉक म्हणजे शिक्षण संपलेलं, पगार येतो, पण कॉन्ट्रॅक्ट वर्षावर्षाचं, प्रोफेसरचा फंड संपला की आपण पण संपलो. तुम्ही गावात सांगता पोरगी जपानमध्ये सायंटिस्ट आहे, ते खोटं नाही पण त्यातला सायंटिस्ट दर मार्चमध्ये धास्तावलेला असतो हे तुम्ही सांगत नाही, आणि सांगूही नका. तुमच्या मेव्हण्यांचा मुलगा माझ्यापेक्षा लहान, त्याचा पुण्यात टूबीएचके झाला हे मला आईने तीन वेळा सांगितलंय.

म्हणून ओसुमींचं करिअर कसं गेलं ते सांगते, कारण मेसेजमध्ये फक्त नोबेल आहे, आधीचं काहीच नाही. १९४५ चा जन्म, फुकुओकाचा, युद्ध संपायच्या काही महिने आधीचा. चार भावंडांत धाकटे, मोठा भाऊ विज्ञानाची पुस्तकं आणून द्यायचा. टोकियो युनिव्हर्सिटीत केमिस्ट्री शिकायला गेले, ती आवडेना म्हणून मॉलिक्युलर बायोलॉजीकडे वळले, १९७४ ला पीएचडी झाली आणि जपानमध्ये जागा मिळेना. मग न्यूयॉर्कला रॉकफेलर युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक, म्हणजे माझ्यासारखेच घरापासून लांब. तिथे जेराल्ड एडलमन या नोबेलवाल्या माणसाकडे त्यांना उंदरांच्या बीजफलनाचं काम दिलं, ज्यातलं त्यांना काही येत नव्हतं, ते जमेना, मग यीस्टकडे आले. यीस्ट फोडून त्यातलं केंद्रक वेगळं काढायला सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे नळ्या जोरात गरगर फिरवणाऱ्या मशीनमध्ये, फिरवायचे तर नळीत वर एक थर जमायचा, सगळे तो फेकून देतात, यांनी मायक्रोस्कोपखाली धरून बघितला तर त्यात नुसते व्हॅक्यूओलच व्हॅक्यूओल. ते त्यांच्या डोक्यात राहिलं.

१९७७ ला परत टोकियोला, दुसऱ्या प्रोफेसरच्या हाताखाली. तिथे पण व्हॅक्यूओलवरच काम, आणि कितीतरी वर्षं स्वतःची लॅब नाही. लॅब मिळाली १९८८ ला, तेव्हा वय ४३. नाना, त्रेचाळीस. मी अजून चौतिशीत आहे. हे तुम्हाला गप्प करायला सांगत नाहीये (थोडं आहेच). सगळे त्रेचाळिसाव्या वर्षी लॅब मिळालेले ओसुमी होत नाहीत हे मला पण कळतं, बरेच नुसते त्रेचाळीस वर्षांचे होतात. त्यांच्या बायको मारिको, त्याही शास्त्रज्ञ, त्यांच्या कामात सहभागी होत्या, पेपरवर नाव आहे, पण जिभाऊंच्या मेसेजमध्ये अर्थातच त्यांचा पत्ता नाही.

लॅब लहान होती, आणि ते मायक्रोस्कोपवर बसले. इथला भाग मला सगळ्यात आवडतो. उपाशी यीस्टमध्ये हे कुजवणं चालू असेलही, पण माल पिशवीत पोचला की लगेच विरघळतो, मग दिसणार काय? तर त्यांनी असं यीस्ट घेतलं की ज्यात विरघळवणारे एन्झाइमच नाहीत. म्हणजे माल येईल पण संपणार नाही, साचत जाईल. मग नायट्रोजन नसलेल्या पाण्यात त्याला उपाशी ठेवलं आणि साध्या मायक्रोस्कोपमधून बघितलं. तासाभराच्या आत त्या पिशवीत बारीक बारीक गोळे दिसायला लागले, थरथरणारे, इकडून तिकडे फिरणारे. बस, एवढंच. कुठलं महागडं मशीन नाही, चमकणारा रंग नाही. आम्ही आज हिरवं चमकणारं प्रोटीन जोडून हेच बघतो, ते प्रोटीन पण ओसामु शिमोमुरा या जपानी माणसानेच जेलीफिशमधून काढलेलं, पण ते हत्यार १९८८ ला कोणाच्या हातात नव्हतं.

पुढचं काम म्हणजे नुसती मेहनत. यीस्टच्या जीनमध्ये औषधाने बिघाड करायचे आणि हजारो नमुने तपासत बसायचं की कोणत्या यीस्टमध्ये हे गोळे होत नाहीत, कारण ज्यात होत नाहीत त्यात कामाचा जीन बिघडलेला. मिकी त्सुकादा नावाच्या विद्यार्थिनीबरोबर १९९३ ला पेपर आला, त्यात असे १५ जीन. नोबेल मिळायला तिथून अजून तेवीस वर्षं. मग कळलं की हेच जीन थोड्या फरकाने माणसात पण आहेत, आणि मग सगळं जग त्यात उतरलं.

आईला एक गोष्ट खास सांगायची. ओसुमींकडे काम केलेले नोबोरु मिझुशिमा, त्यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं की उंदराचं पिल्लू जन्मलं की नाळ तुटते, आईकडून येणारं बंद होतं, दूध अजून आलेलं नसतं, त्या मधल्या वेळात पिल्लू ऑटोफॅजीवर तगतं. ज्या पिल्लांमध्ये तो जीनच नाही ती पहिल्या दिवसातच मरतात. आई, तू वहिनीच्या बाळंतपणात दोन दिवस दूध नाही म्हणून किती रडली होतीस, मी तेव्हा हा पेपर वाचत होते आणि कोणाला सांगावं ते कळत नव्हतं.

आता आजीचं. आजी, उपास करू नको असं मी म्हणत नाही, तू ऐकणार पण नाहीस, मुक्ताईची पालखी निघाली की तुझ्या अंगात कसं बळ येतं ते मी लहानपणापासून बघितलंय. पण देवासाठी कर, कॅन्सरसाठी नको. पेशी उपाशी राहिली की ऑटोफॅजी वाढते हे खरं, उंदरांमध्ये दिवसभर काही खायला न देता दिसलेलं आहे. पण माणसाने किती तास उपास केला की कोणत्या अवयवात किती वाढते हे मोजणं अजून फार अवघड आहे, आणि कॅन्सर बरा होतो असं ओसुमींनी कुठे दाखवलेलं नाही. उलट, कॅन्सरच्या पेशी झाल्यावर त्याच ऑटोफॅजी वापरून तग धरतात असंही बऱ्याच ठिकाणी दिसलंय, म्हणून ती बंद करणारी औषधं शोधणं चालू आहे! हे मेसेजमध्ये कोण लिहिणार.

आणि आपला उपास म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी, हो ना. सकाळी साबुदाणा, दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, मध्ये केळीचे वेफर्स, रात्री राजगिऱ्याचे लाडू. त्यात कोणती पेशी उपाशी राहतेय? जिभाऊंनी तर मागच्या आषाढीला शिंगाड्याच्या पिठाच्या पुऱ्यांचा फोटो टाकला होता.

पण निर्जळ आणि गोळी बंद हे प्रकरण वेगळं आहे, त्यात मला हसू येत नाही. शुगरवाल्या माणसाने आपल्या मनाने गोळी बंद केली तर शुगर वाढते, आणि काहीच न खाता नेहमीची गोळी घेतली तर काही गोळ्यांनी शुगर एकदम खाली जाते, घाम येतो, चक्कर येते, माणूस बेशुद्ध पडतो. म्हणजे दोन्हीकडून धोका, आणि कोणती गोळी आहे त्यावर ठरतं. मी पेशींची डॉक्टर आहे, माणसांची नाही, म्हणून गोळी मी सांगणार नाही. आषाढीच्या आधी आजीला चोपड्याला तिच्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि सरळ विचारा की एकादशीला काय करायचं, ते चिडत नाहीत, त्यांना दर श्रावणात हेच विचारतात लोक.

माझं म्हणाल तर ठीक चाललंय. इथे पावसाळा संपत आलाय, चिकचिक आहे पण आपल्या मे महिन्यापुढे काहीच नाही. यीस्टला रविवार कळत नाही त्यामुळे मला पण नाही, दर दीड तासाने ते दुप्पट होतं, बरोबर वेळेला उपाशी ठेवायचं असतं म्हणून कधी रात्री अकराला लॅबमध्ये असते, स्टेशनवरून शेवटची गाडी पकडते, एकटी येते, भीती वाटत नाही, हे आजीला पुन्हा एकदा सांगा. गेल्या महिन्यात एक प्रयोग बसला, आमचं जे म्हणणं होतं त्याच्या बरोबर उलटा निघाला, आणि प्रोफेसर खूश झाले. हे नानांना समजावणं अवघड आहे. ओसुमी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत आलेत की याचा उपयोग काय असं आधीच विचारत बसलं तर मुळातलं विज्ञान होणारच नाही, बक्षिसाच्या पैशातून त्यांनी २०१७ मध्ये अशा कामांना मदत करायला एक फाउंडेशन पण काढलं. मला ते पटतं, फक्त घरभाड्याच्या तारखेला जरा कमी पटतं.

परत यायचं म्हणाल तर अर्ज चालू आहेत. पुण्याच्या एनसीसीएसची आणि हैदराबादच्या सीसीएमबीची जागा निघाली की भरणार आहे, दोन्हीकडे पेशींचंच काम चालतं. जळगावला आपल्या युनिव्हर्सिटीत निघाली तर तिथेही भरीन, हसू नका. काही झालं नाही तर वर्षभर अजून इथेच. लग्नाचं यात मुद्दाम लिहिलेलं नाही, तो विषय फोनवर.

केळीचं काय झालं ते बंटीने नीट सांगितलं नाही. टिश्यू कल्चरच्या (लॅबमध्ये वाढवलेल्या) रोपांवर या वर्षी पण व्हायरस आलाय का? पानावर पिवळे पट्टे दिसले तर ते झाड लगेच उपटून लांब नेऊन जाळा, एकाचं दुसऱ्याला मावा कीड नेते, नानांना माहीत आहे पण जीव होत नाही उपटायला. शेजारच्या बांधावर काकडी किंवा भोपळावर्गीय वेल असतील तर ते पण बघा, तो व्हायरस तिथून पण येतो.

आणि आई, काळा मसाला संपत आलाय. कुरियरने पाठवू नकोस, मागच्या वेळी कस्टममध्ये अडकला होता, दिवाळीनंतर पाटलांची मुलगी येतेय तिच्याकडे दे. आजीच्या गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो मात्र बंटीला आजच पाठवायला सांग.

तुमची,
छोटी

ता.क. जिभाऊ, रागावू नका. पुढच्या वेळी असला मेसेज आला की आधी मला एकटीला पाठवा, मी रात्री कितीही वाजता उत्तर देईन, मग ग्रुपवर टाका.