दिवाळीपर्यंत थांबू नकोस

सांगली, ४ ऑक्टोबर

प्रिय सदा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू सगळं एका दमात सांगून टाकलंस. अर्ध्या भाकरीतच पोट भरतं, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, हिमोग्लोबिन ९ आलंय, डॉक्टर एन्डोस्कोपी करा म्हणतात, पण ते दिवाळीनंतर बघू. वहिनी शेजारी होत्या म्हणून मी फार बोललो नाही. आता मोकळेपणानं लिहितो. दिवाळीची वाट बघू नकोस. याच आठवड्यात दुर्बिणीची तपासणी करून घे.

तुला जठराचा कॅन्सरच आहे असं मी म्हणत नाही. अल्सर निघेल, नुसती सूजही निघेल. पण पन्नाशीतल्या पुरुषाचं रक्त उगाच कमी होत नाही. बऱ्याचदा ते जठरातून किंवा आतड्यातून थोडं थोडं झिरपत असतं आणि आपल्याला पत्ताही नसतो. शौचाला डांबरासारखी काळी होते का, तेवढं बघ. लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, पण तू त्या अजून सुरूच केलेल्या नाहीस.

आमच्या अण्णांच्या जठराच्या कॅन्सरचंही सुरुवातीला ॲसिडिटी म्हणूनच चाललं होतं. सकाळी उठून पॅन्टोप्राझोल घ्यायची, की दिवस बरा जायचा. फसगत होते ती इथंच. आम्ल कमी झालं की कॅन्सरचा व्रणसुद्धा काही काळ शांत होतो, वरून भरल्यासारखा दिसतो. गोळीनं आराम पडतोय, एवढ्यावर निर्धास्त राहू नकोस.

'तपासायला तुकडा काढला की कॅन्सर पसरतो', हे तू मागेही एकदा म्हणाला होतास. नाही पसरत रे. आणि तुकडा तपासल्याशिवाय नेमकं काय आहे हे कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही. दुर्बिणीची नळी करंगळीएवढी जाड असते. उपाशीपोटी जायचं, घशात बधिर करणारा स्प्रे मारतात, डाव्या कुशीवर झोपवतात, दातांत प्लास्टिकचं कडं धरायला देतात. पाच-दहा मिनिटांचं काम. उमासे येतात, पण नाकानं सावकाश श्वास घेत राहिलं की निभतं.

तेव्हाच हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणीही करायला सांग. जठरातल्या आम्लात जंतू टिकणारच नाहीत, असं पूर्वी मानत. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हा जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. आपल्याकडे कितीतरी लोकांच्या पोटात हा जंतू असतो आणि बहुतेकांना कॅन्सर होत नाही. पण काहींच्या जठराला वर्षानुवर्षं सूज राहते, अस्तर विरत जातं, बदलतं, आणि त्यातून पुढे गाठ होते. साधारण दोन आठवड्यांच्या अँटिबायोटिक्सनी जंतूचा बंदोबस्त होतो. तू तांबड्या रश्श्याला दोष देतोयस, मी आधी तुझ्या सिगारेटला देईन. तिचा या कॅन्सरशी संबंध सिद्ध झालेला आहे.

दक्षिण कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी जठराची सरकारी तपासणी होते, जपानमध्येही अशी सोय आहे. गाठ अस्तरापुरतीच असेल तर पोट न उघडता दुर्बिणीतूनच तेवढा भाग सोलून काढतात. इतक्या लवकर सापडलेले जपानमधले ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. आपल्याकडे अशी मोहीम नाही. म्हणून डॉक्टरांनी आपणहून सुचवलेली तपासणी तू पुढे ढकलतोयस याचं मला फार वाईट वाटतं.

अण्णांची गाठ खोल गेलेली होती. तरी वाट बंद नव्हती. आधी केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो, अशी हल्लीची पद्धत. त्यातल्या एका औषधानं गारवा सोसवेना. फ्रिजच्या दांड्याला हात लागला तरी बोटांत मुंग्या यायच्या, म्हणून अण्णा लोकरी मोजे घालून दुधाचं पातेलं काढायचे. ऑपरेशनमध्ये जठर पूर्ण काढलं आणि अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडली. आता ते दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खातात आणि बी-१२ चं इंजेक्शन कायमचं मागे लागलंय. पाडव्याला वाटीभर श्रीखंड खाल्लं तर घाम फुटून छाती धडधडायला लागली. गोड एकदम आतड्यात उतरलं की असं होतं. आता दोन चमच्यांवर भागवतात. पण शेतावर जातात, भांडतातही पूर्वीसारखे!

आजार पसरलेला असला तरी आता गाठीच्या तुकड्यावर हर-टू, पीडी-एल-वन, क्लॉडिन या प्रथिनांच्या चाचण्या करून कुणाला ट्रास्टुझुमॅबसारखं नेमक्या प्रथिनावर मारा करणारं औषध, कुणाला आपलीच प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारी इम्युनोथेरपी लागू पडेल ते ठरवतात. या औषधांनी आयुष्य वाढतं, पण त्या टप्प्यावर आजार मुळापासून जाणं विरळाच. म्हणून तर तुझ्या मागे लागलोय.

जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी बरोबर घे. पॅन्टोप्राझोल चालू असताना जंतूची तपासणी चुकू शकते, तेव्हा ती घेतोयस हे डॉक्टरांना आठवणीनं सांग. पण तेवढ्यासाठी तारीख पुढे ढकलू नकोस. गुंगीचं इंजेक्शन घेतलंस तर त्या दिवशी गाडी चालवता येणार नाही. मी आदल्या रात्रीच मुक्कामाला येतो. तारीख ठरली की लगेच कळव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विनू