शूटच्या आदल्या दिवशी चेहऱ्याला हात लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘पोर्टफोलिओ शूटची तयारी’, म्हणजे काम मागताना दाखवायचे फोटो काढून घेण्याची तयारी, या विषयावर आपल्या पुरवणीत तीन ठळक सूचना होत्या : आदल्या दिवशी फेशियल करा, निघताना भरपूर सनस्क्रीन लावा आणि जमतील तितके कपडे सोबत न्या. मालिकांत काम शोधायला निघालेली मुलं-मुली अशा सूचना अक्षरशः पाळतात. म्हणून स्पष्टच लिहितो, तिन्ही सूचना उलट्या आहेत. शूट बिघडतं ते बहुतेक वेळा शेवटच्या दोन दिवसांतल्या उत्साहामुळे. तो वेळ चेहऱ्यावर न घालवता कपड्यांवर घालवावा, एवढंच आमचं म्हणणं.

फेशियलमध्ये वाफ, स्क्रब आणि ब्लॅकहेड काढणं आलं. त्यानंतर अनेकांची त्वचा दोन-तीन दिवस लालसर राहते, बारीक पुटकुळ्या येतात. लाली फाउंडेशनखाली झाकते, पण पुटकुळीचा उंचवटा झाकत नाही. बाजूने प्रकाश टाकला की त्याची सावली पडतेच, आणि वर जास्त थर दिला तर तो आणखी उठून दिसतो. फेशियल करायचंच तर आठ-दहा दिवस आधी, तेही नेहमीच्या ठिकाणी. थ्रेडिंग आणि वॅक्सिंग दोन-तीन दिवस आधी. पुरुषांनी केस पाच-सहा दिवस आधी कापावेत. ताज्या कटिंगमध्ये कानामागची न रापलेली कातडी पांढरी पट्टी होऊन दिसते. ब्लीच टाळलेलंच बरं : मागून प्रकाश आला की गालावरची सोनेरी लव चमकते. नवं क्रीम, नवा साबण, कुणी सुचवलेला घरगुती लेप, काहीही त्या आठवड्यात सुरू करू नये. ओठांना मात्र चार-पाच रात्री व्हॅसलिन लावावं. फाटलेल्या ओठांवर कुठलीच लिपस्टिक नीट बसत नाही.

सनस्क्रीनचं कारण वेगळं. अनेक सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असतं. ते फ्लॅशचा प्रकाश परत फेकतं, मग चेहरा पिठूळ आणि मान सावळी दिसते. ‘पारदर्शक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही सिलिकायुक्त पावडरीही हाच घोटाळा करतात. आरशात यातलं काही कळत नाही. आदल्या संध्याकाळी ती क्रीम-पावडर लावून, अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा फ्लॅश चालू करून एक फोटो काढावा, लगेच समजतं. फ्लॅश न वापरता बाहेर उजेडात शूट असेल, तर सनस्क्रीन खुशाल लावा.

केस आदल्या रात्री शाम्पूने धुवावेत. तेलकट केसांच्या बटा चिकटतात आणि मधून टाळू दिसते. लग्नसराईत शूट ठेवणाऱ्यांनी मेंदीचा विचार आधी करावा. तळव्यावरची अर्धवट उतरलेली मेंदी जवळच्या फोटोत त्वचारोगासारखी दिसते आणि नखांवरचा नारिंगी रंग नख वाढेपर्यंत जात नाही. जुनी नेलपॉलिश, मनगटावरचा लाल दोरा आणि केसांचा रबर निघण्यापूर्वीच काढून ठेवावेत.

आता कपडे. चार तासांच्या शूटचा हिशेब मांडा. स्त्रियांच्या रंगभूषेला आणि केसांना मिळून सव्वा तास जातो. प्रत्येक बदलाला, दागिने आणि केस धरून, पंचवीस मिनिटं. चार पोशाख म्हणजे तीन बदल, म्हणजे सव्वा तास. कॅमेऱ्यासमोर राहिला दीड तास. आठ पोशाख नेले तर सात बदलांतच जवळपास तीन तास जातात आणि फोटो काढायला वेळच उरत नाही. तीन किंवा चार पुरे : एक साधा एकरंगी टी-शर्ट किंवा कुर्ता, एक शर्ट-पँट, एक पारंपरिक, आणि वाटलंच तर एक समारंभाचा.

बारीक चौकडीचा शर्ट किंवा बारीक चौकटींचं इरकल नेऊ नये. कापडावरची नक्षी आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी एकमेकांवर आली की कापडावर नसलेल्या रंगीत लाटा फोटोत दिसतात आणि त्या नंतर काढणं महाकठीण. भडक पोपटी किंवा नारिंगी रंग हनुवटीखाली परावर्तित होतो, गळा आजारी दिसतो. पैठणी नेणार असाल तर छायाचित्रकाराला आदल्या दिवशीच सांगावं. समोरून फ्लॅश मारला तर फोटोत जरीकाम पांढरंफटक पडतं, त्यासाठी बाजूने मोठा मऊ प्रकाश लावावा लागतो.

इस्त्रीवाल्याला घडी घालू नका, हँगरवरच द्या, असं बजावावं. शर्टाच्या घडीच्या आडव्या-उभ्या रेषा छातीवर फुलीसारख्या उमटतात आणि स्टुडिओत वाफेची इस्त्री असेलच असं नाही. काळ्या कपड्यावरचे धागे-केस उचलायला रुंद चिकटपट्टी जवळ ठेवावी. सेफ्टी पिना, दोन-चार कपड्यांचे चिमटे आणि कातडीच्या रंगाची अंतर्वस्त्रं पिशवीत हवीतच. सैल शर्ट मागून चिमट्यांनी घट्ट केला की समोरून मापात बसतो, ही जुनी युक्ती आजही चालते.

स्टुडिओत येताना सैल, पुढून बटणांचा कपडा घालावा. घट्ट मोज्यांचे आणि इलॅस्टिकचे वळ उतरायला अर्धा-पाऊण तास लागतो, शिवाय रंगभूषेनंतर डोक्यातून टी-शर्ट काढताना फाउंडेशन गळ्याला पुसलं जातं. पोशाखांचा क्रम साध्याकडून भडकाकडे ठेवावा. गडद लाल लिपस्टिकचा रंग पुसूनही रेंगाळतो, म्हणून ती शेवटी. सरळ केस आधी, कुरळे नंतर, अंबाडा सर्वांत शेवटी. नऊवारीही त्याच क्रमात शेवटी येते, कारण दाबाची नथ काढल्यावर नाकपुडीवर लाल खूण राहते.

चष्मा रोज वापरत असाल तर तो न्यावाच. काचांत दिव्याचं प्रतिबिंब आलं तर काड्या कानावरून किंचित वर उचलायच्या, काचा खाली झुकतात आणि प्रतिबिंब निघून जातं. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा असतील तर बाहेरच्या शूटला बिनकाचेची फ्रेम बरी.

उभं राहायचा सराव आरशासमोर करू नये. आरशातला चेहरा उलटा असतो, त्यामुळे फोटोत आपलाच चेहरा अनोळखी वाटतो आणि माणूस बिचकतो. मोबाइल दोनेक मीटरवर ठेवून मागच्या कॅमेऱ्याने टायमर लावावा. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं दिसतं. धड थोडं तिरकं, वजन मागच्या पायावर. हनुवटी वर करू नये. मान कासवासारखी जरा पुढे काढून हनुवटी किंचित खाली आणावी. स्वतःला हास्यास्पद वाटतं, फोटोत मात्र जबड्याची रेघ स्वच्छ येते. हसू ताणून धरलं की डोळे मरतात. खाली बघावं, श्वास सोडावा आणि वर बघताना हसावं.

उपाशीपोटी येऊ नये. दीड-दोन तास आधी पोहे-उपमा असं काही खावं. आदल्या रात्री लोणचं-पापड आणि जागरण दोन्ही टाळावं, डोळ्यांखाली सूज येते.

मुंबईत वर्सोव्याच्या आरामनगरमधल्या किंवा कुठल्याही कास्टिंगवाल्याला, म्हणजे भूमिकांसाठी कलाकार निवडणाऱ्याला, फोटोत हवं असतं ते प्रत्यक्ष दारातून आत येईल तसंच माणूस. म्हणून फोटोंची यादी छोटी : समोरून चेहरा हसरा आणि न हसता, दोन्ही बाजू, कमरेपर्यंत, आणि साध्या पार्श्वभूमीवर पूर्ण उभा. एडिटिंगमध्ये आठवड्यात जाणारी पुटकुळी खुशाल पुसावी. तीळ, व्रण, नाकाचा आकार आणि रंग यांना हात लावू देऊ नये. दाढी ठेवली किंवा केस कापले की नवे फोटो काढावे लागतातच. त्यामुळे पहिल्याच वेळी सगळी बचत ओतू नये. ‘आमच्याच छायाचित्रकाराकडे काढा, मगच काम देऊ’ असं कुणी म्हणालं तर पैसे देऊ नयेत.

किती फोटो एडिट करून मिळणार, किती दिवसांत आणि मूळ फाइल्स मिळणार की नाही, हे व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्यावं. पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या १७व्या कलमानुसार पैसे देणाऱ्याकडे असतो. पावती देताना मागे बारीक अक्षरांत वेगळं काही छापलेलं असेल, तर ते सही करण्याआधी वाचावं.

आपले,
काही छायाचित्रकार व रंगभूषाकार, ठाणे